मागितलेलं पाणी

वडूजला एक म्हातारं जोडपं राहायचं. नवरा निवृत्त पाळक, बायको निवृत्त नर्स. गावात ख्रिस्ती घरं थोडी, पण ह्या दोघांना सगळा बाजार ओळखायचा. पाळकसाहेबांना लोक ‘बाबा’ म्हणत आणि त्यांच्या पत्नीला ‘बाई’. मंडळीतलं कुणी भेटलं की ‘सलाम’ व्हायचा, बाकीचे ‘राम राम’ घालायचे, आणि बाबा दोघांनाही सारख्याच मोकळेपणानं हात जोडायचे.

निवृत्त झाल्यावर मुलं म्हणाली, पुण्याला या. दोघांनी वडूज सोडलं नाही. कारण डोंगर. येरळेच्या खोऱ्यातून मान वर केली की महादेवाच्या डोंगररांगेचे फाटे दिसतात. उघडेबोडके, वर सपाट, कुठं बाभळ तर कुठं बोर. अशाच एका पठारावर मेंढपाळ धनगरांचा वाडा होता. 1972 च्या दुष्काळात ही माणसं खडी फोडायला खाली आली होती. कुणाच्या बोटावर हातोडा बसलेला, कुणाच्या डोळ्यात कपची उडालेली. बाई कामावर जाऊन मलमपट्टी करायच्या. दुष्काळ सरला, माणसं वर गेली, आणि बाईंची पेटीही त्यांच्या मागोमाग वर गेली. तेव्हापासून दर गुरुवारी दोघं डोंगर चढत.

सातारा जिल्ह्याला अशी जोडपी नवी नाहीत. अमेरिकन मराठी मिशनचे ॲलन ग्रेव्हज आणि त्यांची पत्नी मेरी महाबळेश्वरी राहिले. ग्रेव्हजसाहेब 1843 साली तिथेच वारले. वाईला डॉ. लेस्टर आणि डॉ. रोझ बील्स ह्या नवरा-बायकोनं दवाखाना चालवला. आपल्या मातीतलं म्हणाल तर नारायण वामन टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा संसार त्याही ओढाताणीत चाललाच. ह्या मोठ्या नावांच्या मागे कितीतरी लहान माणसं होती. कुणी शाळामास्तर, कुणी नर्स, कुणी खेड्यावरचा पाळक. त्यांची नावं मंडळीच्या जुन्या वह्यांत असतील तेवढीच. आपली गोष्ट त्यांच्यातल्या दोघांची आहे.

त्यांचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. बाई स्टोव्ह पेटवायच्या, बाबा अंगण झाडायचे. मग ‘उपासना संगीत’मधलं एक गीत, शास्त्रातला एक अध्याय, छोटी प्रार्थना. गीत म्हणताना बाबांचा सूर नेहमी वर जायचा आणि बाई तो डोळ्यांनीच खाली आणायच्या. चहा झाला की गुरुवारी पेटी भरायची: कापूस, जखमेचं जांभळं औषध, खरजेचं मलम, जंताच्या गोळ्या, तापमापी, जुलाबासाठी मीठ-साखरेच्या पुड्या. बाबांच्या पिशवीत पाट्या, अंकलिपी, पोस्टकार्डं आणि गावातून गोळा केलेले जुने चष्मे. वाड्यावरची तरणी पोरं मुंबईला माथाडी कामगार म्हणून गेलेली. त्यांची पत्रं वाचून दाखवायची आणि उत्तरं लिहायची हे बाबांचं काम. चष्म्यांचं काम त्याहून मजेचं. म्हातारी माणसं एकेक चष्मा लावून सुईत दोरा ओवून बघायची. ज्यानं दोरा ओवला गेला तो चष्मा त्याचा.

आणि पिशवीत पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या, डब्यात भाकरी-चटणी. हा नेम कधी चुकला नाही. वाड्यावरच्या कुणाच्या घरी त्यांनी पाण्याचा घोट घेतला नाही, की चहाला टेकले नाहीत. दुपारी वाड्याबाहेरच्या लिंबाखाली डबा उघडायचे, आपलं पाणी प्यायचे आणि उन्हं कलली की उतरायचे. वडूजमध्ये ह्याचं फार कौतुक होतं. लोक म्हणत, ‘बाबा कुणाचं पाण्याइतकंही घेत नाहीत.’ बाबांना ते ऐकून बरं वाटायचं. वाड्यावरच्या बायका पाऊण कोस उतरून झऱ्याचं पाणी डोक्यावरून आणतात, ते आपण का प्यावं, असं ते सांगायचे. सांगत होते ते खोटं नव्हतं. पण तेवढंच खरं नव्हतं.

वाड्याच्या टोकाला एका म्हातारीचं घर होतं. बाबांच्याच वयाची. बाबा तिला ‘आक्का’ म्हणायचे. घोंगडीसाठी लोकर कातत ती उंबऱ्याशी बसलेली असायची. ह्या दोघांशी नीट बोलायची, पोरांना हाका मारून पाटीवर बसवायची, पण स्वतः कधी पेटीपाशी आली नाही. घरातल्या कुणालाही तिनं पाठवलं नाही. बाईंनी दोन-तीनदा विचारलं, ‘आक्का, तुमच्याकडं सगळं बरं ना?’ उत्तर ठरलेलं: ‘देवाची किरपा हाय.’

बाबा म्हणायचे, ‘मानी बाई आहे. राहू दे.’

बाईंना ते पटत नव्हतं. मिरजेला वॉनलेस हॉस्पिटलात त्यांचं शिक्षण झालं होतं. डॉक्टर वॉनलेस ह्यांनी 1894 मध्ये सुरू केलेल्या त्या रुग्णालयात कोकणापासून कर्नाटकापर्यंतचे रोगी यायचे. अंगात दुखणं असूनही माणूस ‘बरं आहे’ म्हणतो तेव्हा तो कसा उभा राहतो, कुठं बघतो, हे बाई खाटेशेजारी उभं राहून शिकल्या होत्या. आक्का ‘किरपा हाय’ म्हणताना घराच्या आतल्या अंधाराकडं बघायची.

एका पहाटे वाचनाला योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय आला. विहिरीवरच्या शोमरोनी बाईची ती गोष्ट. येशू वाट चालून दमलेला, भर दुपारची वेळ, शिष्य गावात अन्न आणायला गेलेले. पाणी भरायला एक बाई येते. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. ह्या अध्यायावर बाबांनी आयुष्यभर उपदेश केले होते. जिवंत पाण्याचा भाग तर त्यांना तोंडपाठ होता. वाचन संपवून ते पुस्तक मिटणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या,

‘अहो, जरा थांबा. तो तिच्याशी पहिलं काय बोलतो?’

‘पाणी मागतो.’

‘म्हणजे द्यायच्या आधी मागतो.’

बाबा गप्प.

‘आपण बारा वर्षं चढतोय,’ बाई म्हणाल्या. ‘औषध दिलं, पाटी दिली, चष्मे दिले. त्यांच्याकडनं काय घेतलं?’

‘घेण्यासाठी का जातो आपण?’

‘घेण्यासाठी नाही हो. पण ज्याच्याकडून आपण काहीच घेत नाही, त्याला वाटणार की आपल्यापाशी ह्यांच्या लायकीचं काही नाही. आक्का तसं बघते. मला दिसतं.’

बाबा उठून अंगणात गेले. बाईंनी त्यांना जाऊ दिलं, कारण त्यांना ती गोष्ट ठाऊक होती. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी बाबांनी ती एकदाच सांगितली होती.

आठ वर्षांचे असताना ते वडिलांबरोबर माणदेशातल्या एका गावी चालत निघाले होते. वैशाखाचं ऊन. पोराच्या घशाला कोरड पडली. वडिलांनी एका दारात लांबून पाणी मागितलं. घरधनीण बाहेर आली, दोघांना खाली बसवलं आणि पोराच्या ओंजळीत वरून धार धरली. लहान हातांची ओंजळ ती; निम्मं पाणी मातीत गेलं. पुन्हा मागायच्या आत तांब्या आत गेला होता, आणि ती जागा सारवायला बाई शेण घेऊन आली. वडिलांनी पोराचं तोंड पुसलं. गावकुसाबाहेर पडल्यावर एवढंच म्हणाले, ‘तहानेनं मेलास तरी चालंल, पण कुणाच्या दारात पाणी मागू नको.’ पुढं वडील ख्रिस्ती झाले, पोरगा शिकला, पाळक झाला. पण वडिलांचं ते वाक्य बाप्तिस्म्याच्या पाण्यानंही धुऊन गेलं नाही.

हा एकट्या बाबांचा अनुभव असता तर निराळं. वडूजच्याच खटाव तालुक्याच्या वाटेवर 1901 साली आणखी एक पोर तहानलं होतं. भीमराव आंबेडकर तेव्हा साताऱ्यात शिकत होते आणि वडील रामजी गोरेगावला रोखपाल होते. दुष्काळी लोकांना काम मिळावं म्हणून सरकारनं तिथं तलाव खोदायला घेतला होता. सुट्टीत मुलं वडिलांकडं निघाली. मसूर स्टेशनवर उतरली तर घ्यायला कुणी नाही. जात कळल्यावर गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडं घेऊन एकजण तयार झाला, तोही गाडी पोरांनी हाकायची आणि आपण शेजारून चालायचं ह्या बोलीवर. जवळ खायला भरपूर होतं. पाणी कुणी देईना, म्हणून पोरं रात्री उपाशी निजली. बाबासाहेबांनी हे मोठेपणी लिहून ठेवलं. महाडच्या तळ्याचं पाणी 20 मार्च 1927 ला त्यांनी ओंजळीनं उचललं, त्याच्या मागे ही वाटही होती असं मला वाटतं. तेव्हा बाबांच्या पिशवीतल्या त्या दोन बाटल्यांना नुसता हट्ट म्हणू नये. तो एका बापानं लेकराला घातलेला चिलखताचा अंगरखा होता. चिलखत वार अडवतं खरं, पण ते घालून कुणाला मिठी मारता येत नाही.

पुढचा गुरुवार आला. चैत्राचं ऊन. बाईंनी पेटी भरली, बाबांनी पिशवी भरली. बाटल्या भरून ओट्यावर ठेवलेल्या होत्या. बाबा त्यांच्याकडं बघत थोडा वेळ उभे राहिले आणि तशाच सोडून दाराबाहेर पडले. बाईंनी पाहिलं. बोलल्या नाहीत.

एसटीनं डोंगराच्या पायथ्याशी उतरले. चढाला एरवी दीड तास लागायचा, त्या दिवशी जास्त लागला. वर पोचेपर्यंत बाबांची जीभ टाळूला चिकटली होती. लिंबाची सावली आली. ते तिथं थांबले नाहीत. सरळ आक्काच्या दारापुढं जाऊन उभे राहिले. आक्का लोकर कातत होती.

‘राम राम, आक्का.’

‘राम राम.’

‘मेंढरं बरी आहेत?’

‘हायती.’

‘यंदा झऱ्याला पाणी कितपत आहे?’

‘हाय बोटभर.’

मग काही सुचेना. सत्तरीच्या माणसाला, ज्यानं चार-चारशे माणसांपुढं उपदेश केले होते, त्याला दोन शब्द ओठाबाहेर काढता येईनात. बाई मागं पेटी घेऊन उभ्या. त्यांनाही तहान लागली होती. पण आपण मागितलं तर ह्यांचं मागणं राहून जाईल, म्हणून त्या थांबल्या.

‘आक्का,’ बाबा शेवटी म्हणाले, ‘तहान लागलीय. पाणी द्याल का?’

आक्काचा हात थांबला. तिनं पिशवीकडं पाहिलं.

‘बाटली कुटं हाय तुमची?’

‘आणली नाही.’

‘इसारली व्हय?’

‘नाही. मुद्दाम नाही आणली.’

आक्का उठली. आत गेली आणि पितळी तांब्या घेऊन बाहेर आली. तांब्या लख्खच होता, तरी तिनं चुलीतली राख घेऊन तो पुन्हा घासला. तळ, कड, गळ्याची खाच, सगळं. मग रांजणातून विसळायला घेतलं ते पाणीही वाया न घालवता तुळशीच्या खोडाशी ओतलं. तांब्या भरला. आणि सरळ बाबांच्या हातात दिला. वरून धार नाही, लांबून ठेवणं नाही. बोटाला बोट लागलं.

बाबांनी तांब्या तोंडाला लावला. पाणी गार होतं, किंचित मचूळ. निम्मा तांब्या बाईंना दिला आणि म्हणाले, ‘आणखी मिळेल?’

आक्का हसली. ‘आता कसं मानसावानी मागताय! बसा की.’

त्या दिवशी डबा उघडला गेला नाही. बाजरीची भाकरी झाली, हुलग्याचं माडगं झालं, वर ताक. जेवताना आक्काची जीभ सुटली, आणि बारा वर्षांत कळलं नव्हतं ते बाबांना एका जेवणात कळलं. वाड्यावरच्या बायका औषधाला का येत नाहीत, ह्याचा बाबांनी लाजाळूपणा असा अर्थ लावला होता. आक्का म्हणाली, ‘लाजत्यात कशाच्या? तुमी सकाळी येता, तवा त्या झऱ्यावर असत्यात. माघारी येस्तवर तुमी खाली उतरायला लागता. वाड्यावर उरतो आमी म्हातारी आन बारकी पोरं.’

‘मग हे सांगितलं का नाही आक्का, इतकी वर्षं?’

‘कसं सांगायचं? तुमी कदी बसलाच न्हाय.’

सेवा करणाऱ्या प्रत्येकानं हे वाक्य ऐकावं असं आहे. बाबांची निष्ठा खोटी नव्हती, बाईंचं औषध खोटं नव्हतं. डोंगर चढायचे कष्ट तर डोळ्यांना दिसत होते. पण उपकार करणाऱ्याची चूक कोण दाखवणार? जो आपल्याकडून काही घेतो त्याला माणूस बरोबरीनं बोलतो, ‘तुमची वेळ चुकतेय’ म्हणतो. जो नुसता देतो त्याच्यापुढं माणूस हात जोडून गप्प बसतो. त्या गप्प बसण्याला बाबा इतके दिवस समाधान समजत आले होते.

जेवण झाल्यावर आक्कानं विचारलं, ‘एक इचारू का बाबा? आमच्या घरचं पानी तुमास्नी का चालत नव्हतं? आमी मेंढरामागची मानसं, अंगाला वास येतो, म्हनून?’

बाबा तिच्याकडं बघतच राहिले. आपल्याला पाणी नाकारलं जाऊ नये म्हणून आपण जे करत होतो, तेच ह्या बाईला आपण पाणी नाकारतोय असं दिसत होतं. मग त्यांनी तिला वैशाखातली ती गोष्ट सांगितली. ओंजळ, धार, शेणाचं सारवण, वडिलांचं वाक्य. काही गाळलं नाही. बाईंनाही त्यांनी ती इतकी सविस्तर सांगितली नव्हती.

आक्का बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘खोटं कशाला बोलू? तवा तुमी माज्या सासूच्या दारात आला असता, तर तिनं बी वरनंच वतलं असतं. आन मी तवाची सून असते तर मी बी वतलं असतं. तसंच शिकवलं व्हतं.’

‘आणि आज?’

‘आज दिलं न्हवं हातात?’

बाबांनी मान हलवली. हिनं गोड बोलून वेळ मारून नेली असती तर त्यांना एवढं बरं वाटलं नसतं. जुनं होतं ते तसंच सांगून तिनं तांब्या हातात दिला होता, म्हणून त्या पाण्याला किंमत होती.

तेव्हा आतल्या अंधारातून खोकल्याचा आवाज आला. दाबलेला, तोंडात कापड धरून खोकल्यासारखा. बाईंनी आक्काकडं पाहिलं. ह्या वेळी आक्का ‘किरपा हाय’ म्हणाली नाही. उठून तिनं आतल्या खोलीचं दार उघडलं.

तिचा थोरला लेक दिवाळीपासून खोकत होता. संध्याकाळी अंगात कणकण, रात्री घाम, महिन्याभरापासून थुंकीत रक्त. मेंढरं घेऊन बाकीचे खाली उतरले होते, हा घरातच पडून. बाईंनी त्याला बाहेर उजेडात बसवलं, पाठीला कान लावला, नखं पाहिली. मग सरळ सांगितलं, ‘आक्का, हा टीबी असणार. तपासायला मिरजेला न्यायला हवं. वानलेसवाडीला ह्याचाच दवाखाना आहे. औषधानं माणूस बरा होतो, पण गोळ्या पुष्कळ महिने घ्याव्या लागतात. दोन महिन्यांत बरं वाटायला लागतं आणि लोक सोडतात. तिथंच घात होतो.’

‘सोडायचा न्हाय. मी हाय की,’ आक्का म्हणाली. ‘पन बाई, मी आदीच सांगनार व्हते. मनात यायचं, ज्यास्नी आमचं पानी चालत न्हाय, त्यांच्या हवाली पोरगं कसं करायचं?’

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. बोलण्यासारखं त्यांच्याजवळ काही नव्हतं. दिवाळीपासून चैत्रापर्यंतचे महिने त्या मनातल्या मनात मोजत होत्या.

त्या वर्षी गुरुवारची वेळ बदलली. दोघं दुपारी चढू लागले आणि संध्याकाळी उतरू लागले. कधी उशीर झाला तर आक्काच्या ओट्यावरच घोंगडी अंथरली जायची. पेटीपाशी बायकांची रांग लागली. त्यांच्यात रक्त कमी असलेल्या कितीतरी निघाल्या, दोन अवघडलेल्या होत्या, एकीचं लेकरू पोटात आडवं होतं. तिला वेळेवर खाली नेता आलं. बाबांच्या पोस्टकार्डांवरही टीका व्हायला लागली. ‘एवढं पुस्तकी नका लिहू बाबा, पोराला वाटंल आय दुसऱ्याच कुनीतरी लिवतीय,’ असं एकीनं तोंडावर सांगितलं आणि बाबांनी कार्ड फाडून नवं घेतलं. आक्काचा लेक दीड वर्ष औषधावर होता. गोळी चुकली की आई त्याला भाकरी वाढायची नाही. पुढच्या दसऱ्यानंतरच्या दसऱ्याला तो मेंढरांबरोबर पश्चिमेकडं चालत गेला.

पण हे पुढचं. त्या गुरुवारी संध्याकाळी मुक्कामालाच राहून दुसऱ्या दिवशी पहाटे चौघं डोंगर उतरले: बाबा, बाई, लेक आणि आक्का. लेकाला धाप लागायची, तेव्हा सगळे थांबायचे. वडूजच्या स्टँडवर मिरजेकडची गाडी लागली. बाबांनी सवयीनं खिशात हात घातला आणि म्हणाले, ‘तिकिटं मी काढतो.’

आक्कानं पदराची गाठ सोडली. आत दुमडलेल्या नोटा होत्या, मेंढी विकून आलेल्या. तिनं त्या बाबांपुढं धरल्या.

‘चौघांची काढा,’ ती म्हणाली. ‘तुमची दोगांची बी ह्यातनंच.’

बाबांचा हात खिशातच राहिला. क्षणभर त्यांच्या तोंडावर जुनं ‘नको’ येऊन गेलं. मग त्यांनी हात बाहेर काढला, नोटा घेतल्या, खिडकीशी जाऊन चार तिकिटं काढली आणि उरलेले पैसे मोजून आक्काच्या हातात दिले. आक्कानंही ते पुन्हा मोजले, गाठ मारली आणि लेकाला खिडकीजवळची जागा धरायला सांगितली.